मोरीचं पाणी झाडांना द्यायचंय? तेलसापळा, गाळाचा ड्रम आणि कर्दळीचा वाफा, याच क्रमानं

मराठवाड्यात, माणदेशात, नगरच्या दक्षिण भागात उन्हाळा लागला की लोक मोरीचं पाणी परसात वळवायच्या मागे लागतात. वळवायलाच पाहिजे, पण बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. ड्रम आणायचा, त्यात खडी, वाळू, कोळसा भरायचा आणि मोरीचा पाईप सरळ त्याच्यात सोडून द्यायचा. पहिले पंधरा दिवस झकास चालतं, महिनाभरात वाळूवर काळपट बुळबुळीत थर बसतो, पाणी खाली उतरत नाही, वास सुटतो, डास होतात आणि घरातलं कुणीतरी वैतागून पाईप परत रस्त्यावरच्या गटारात सोडून देतं. मग शेजारीपाजारी पण म्हणतात की हे आपल्याकडे जमत नाही.

जमतं, फक्त क्रम चुकतो. वाळू तुंबते ती तेलानं आणि गाळानं, त्यामुळे तेल तेलसापळ्यात आणि गाळ गाळाच्या ड्रममध्ये आधी थांबवायचा, मगच पाणी वाफ्यात, म्हणजे कर्दळ लावलेल्या खडीच्या खड्ड्यात सोडायचं. आणि निवळलेलं पाणी साठवून ठेवायचं नाही, त्याच दिवशी झाडाला द्यायचं. या दोनच गोष्टी आहेत पण प्रत्येकीत अडकायला भरपूर जागा आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. हिशोब ४ ते ६ माणसांच्या घराचा धरलाय, मागे थोडं परस आहे असं समजून.

टप्पा १ : कुठलं पाणी घ्यायचं, कुठलं सोडायचं

आंघोळीचं, हात-तोंड धुतलेलं आणि कपड्यांचं पाणी घ्या. भांड्यांचं पाणी तेलसापळा बसल्याशिवाय जोडूच नका. संडासाचं पाणी कुठल्याच परिस्थितीत नाही. लहान मुलांचे शी-शूचे कपडे, आजारी माणसाचे कपडे, मटण-मासे धुतलेलं पाणी, हे सगळं वेगळं काढून संडासात ओतायचं.

एक गोष्ट कुणी बोलत नाही पण महत्त्वाची आहे. जुन्या घरांत रात्री मोरीतच लघवीला बसायची सवय असते, विशेषतः म्हातारी माणसं आणि लहान मुलं. ती मोरी या पाईपला जोडली की वासाचं प्रमाण एकदम वाढतं आणि लोकांना वाटतं फिल्टरच खराब झालाय. म्हाताऱ्या माणसाला रात्री बाहेर पाठवणं बरोबर नाही, तेव्हा ती मोरी जोडू नका, न्हाणीघर आणि कपडे धुवायचा दगड एवढंच जोडा. तंबाखू-गुटख्याची चूळ पण तिथे नको.

तपासा : शेजारच्या किंवा स्वतःच्याच सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो तुमच्या मोरीच्या नाल्याला जोडलेला नाही ना? गावात हे सर्रास असतं. फरशी किंवा झाकण उचलून डोळ्यांनी बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. जोडलेला असेल तर ते मैलापाणी झालं आणि पुढचं काहीही त्याला लागू होत नाही, आधी तो पाईप तोडून वेगळा करा.

टप्पा २ : बादलीनं मोजा

अंदाजानं ड्रम आणणारे नव्वद टक्के फसतात असं आपलं माझं मत. तीन दिवस मोजा, त्यात एक दिवस असा धरा की ज्या दिवशी अंथरूण-पांघरूण, शाळेचे युनिफॉर्म असे ढीगभर कपडे निघतात. न्हाणीत किती बादल्या, कपड्यांना किती, भांड्यांना किती, खडूनं भिंतीवर रेघा मारत गेलात तरी चालेल.

ताळा म्हणून हा हिशोब ठेवा. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलंय. पाच माणसांना २७५ लिटर झालं, त्यातलं साधारण दोन तृतीयांश मोरीतून बाहेर पडतं, म्हणजे १८० ते २०० लिटर. पुढची सगळी मापं या २०० लिटरवर दिलीत.

दिवसभरातला एकूण आकडा पुरत नाही, सकाळचा पण काढा. सहा ते नऊमध्ये आंघोळी, कपडे, भांडी सगळं एकदम होतं आणि निम्म्याहून जास्त पाणी त्याच तीन तासांत येतं. ड्रम त्या लोंढ्यासाठी निवडायचा, सरासरीसाठी नाही. सरासरीवर काढलेला ड्रम सकाळी ढवळून निघतो आणि सगळा गाळ पुढे ढकलतो.

सावध : जिथे टँकर सुरू झालाय आणि माणशी वीसेक लिटरच मिळतंय तिथे हा पसारा त्या महिन्यांत मांडू नका. पाच माणसांचं जेमतेम पन्नास-साठ लिटर सांडपाणी निघतं, ते बादलीनंच फिरवा. कपडे खळखळलेलं शेवटचं पाणी दुसऱ्या दिवशी कपडे भिजवायला किंवा फरशी पुसायला, फरशीचं संडासात, आंघोळीचं सरळ झाडाच्या आळ्यात. बांधकाम पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या आसपास करा, तेव्हा पाणीही असतं आणि कर्दळ रुजायला वेळही मिळतो.

टप्पा ३ : आधी उतार, मग खरेदी

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. मोरीचं भोक जमिनीपासून पाच-सहा इंच वर असतं, ड्रम असतो तीन फूट उंच. ड्रम आणून ठेवल्यावर कळतं की पाणी ड्रमच्या तोंडापर्यंत चढणारच नाही. मग मोटर लावायची टूम निघते, आणि मोटर लावली की स्वस्तातलं काम संपलं.

म्हणून आधी गवंड्याची लेव्हलची नळी घ्या, ती पारदर्शक, पाणी भरलेली. मोरीचं भोक आणि शेवटचं झाड यांच्या उंचीत फरक किती ते काढा. मग मधला खर्च वजा करत या. पाईपला दर ५ फुटाला १ इंच उतार, तेलसापळ्यात २ इंच, गाळाच्या ड्रममध्ये २ इंच, वाफ्यात ३-४ इंच. मोरीपासून झाडापर्यंत २५ फूट अंतर असेल तर पाईपचे ५ इंच आणि बाकीचे ७-८, म्हणजे जवळजवळ फूटभर उतार लागतो. तेवढा नसेल तर ड्रम जमिनीत गाडायचा आणि वाफा जमिनीखाली खोदायचा, शेवटची आळी पण खोल घ्यायची. बहुतेक घरांत गाडावाच लागतो.

जागा ठरवताना विहीर किंवा बोअर किमान ५० फूट लांब पाहिजे आणि घराचा पाया १० फूट. आपल्याकडच्या काळ्या खडकाला भेगा असतात, त्यातून पाणी कुठल्या कुठे जातं, तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला तर हे करूच नका, अंतर जास्त असलं तरी.

पाईप ३ इंची घ्या. दीड इंची स्वस्त पडतो म्हणून घेतात आणि मग केसांच्या गुंत्यानं दर महिन्याला तो उकलत बसतात. जिथे वळण आहे तिथे एल्बोऐवजी (कोपऱ्याचा जोड) टी (तीन तोंडांचा जोड) लावा आणि टीचं उघडं तोंड झाकणानं बंद करा, तुंबलं तर तिथून तार घालता येते.

मोरीच्या तोंडालाच एक व्हॉल्व्ह किंवा साधं लाकडी बूच मारायची सोय ठेवा, एक वाट वाफ्याकडे आणि एक जुन्या गटाराकडे. ज्या दिवशी ॲसिडनं फरशी धुवायची, फिनेल टाकायचं किंवा केसांना डाय करायचा त्या दिवशी पाणी गटाराकडे. हा बायपास नंतर बसवता येत नाही, आत्ताच बसवा.

टप्पा ४ : जाळी आणि तेलसापळा

मोरीच्या भोकावर स्टीलची बारीक जाळी बसवा, उचलता येईल अशी. कपड्यांच्या पाण्याच्या पाईपाला जुन्या नायलॉन साडीचा तुकडा दुहेरी करून बांधा, मशीनमधून येणारे धागे त्याच्यात अडकतात. हे धागे डोळ्यांना दिसत नाहीत पण वाफ्याच्या तोंडाशी नमद्यासारखा थर करतात.

भांड्यांच्या पाण्याला तेलसापळा लागतोच. ४०-५० लिटरचा झाकणाचा ड्रम चालतो. तत्त्व सोपं आहे, तेल वर तरंगतं, शितं-राख खाली बसते, मधलं पाणी तेवढं पुढे न्यायचं.

१. एका बाजूला, काठापासून ४ इंच खाली, आत येणाऱ्या पाईपचं भोक पाडा. आतल्या बाजूला टी लावा, टीचा खालचा पाय पाण्यात ६ इंच बुडेल एवढा.

२. बरोबर समोरच्या बाजूला, पहिल्या भोकापेक्षा २ इंच खाली, बाहेर जाणाऱ्याचं भोक. तिथे पण टी, आणि तिचा खालचा पाय ड्रमच्या तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीपर्यंत न्या.

३. दोन्ही टींची वरची तोंडं उघडी ठेवा. ही बंद केली की पाणी सायफननं एकदम ओढलं जातं आणि वर तरंगलेलं तेलही सोबत जातं. प्लंबर सवयीनं टोपी मारून टाकतो, जवळ उभं राहून सांगा.

४. ड्रमच्या भोकांना टँक निपल (भोकात आवळून बसवायचा पाईपचा जोड) आणि रबरी वॉशर लावा. नुसतं एमसील फासलं तर सहा महिन्यांत गळतं.

आंघोळीचं पाणी सरळ पुढच्या ड्रमला नेलं तरी चालतं. ज्या घरात डोक्याला, अंगाला भरपूर तेल लावून आंघोळ करायची पद्धत आहे तिथे मात्र तेही सापळ्यातूनच घ्या, फक्त सापळा १०० लिटरचा करा. दिवाळीच्या चार दिवसांत उटणं आणि तेल दोन्ही येतं, तेव्हा बायपास वापरा.

आणि सापळ्यापेक्षा मोठं काम ओट्यावर होतं. ताटातलं उरलेलं आणि कढईतलं तेल कागदानं किंवा भाकरीच्या तुकड्यानं पुसून मगच भांडं मोरीत टाकायचं. राखेनं भांडी घासत असाल तर राख गाळात बसते, ड्रम लवकर भरतो, एवढं लक्षात ठेवून साफसफाई जरा लवकर करा.

तपासा : सापळा पाण्यानं भरा, वरून दोन चमचे गोडेतेल टाका आणि मोरीतून दोन बादल्या पाणी एकामागोमाग एक ओता. बाहेरच्या पाईपाशी पातेलं धरा. पातेल्यात तवंग दिसला तर बाहेरच्या टीचा पाय आखूड आहे. लांब करा, परत बघा, तवंग थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ५ : गाळाचा ड्रम

२०० लिटरचा निळा प्लॅस्टिक ड्रम. भंगारातून घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा, औषध-फवारणीचा किंवा केमिकलचा असेल तर सोडा, कितीही स्वस्त असो. तूपतेलाचा, गुळाच्या काकवीचा, लोणच्याचा असला तर चांगला.

याची रचना तेलसापळ्यासारखीच आहे, आत टी, बाहेर टी, बाहेरचं भोक २ इंच खाली. याच्यात खडी-वाळू काहीही भरायचं नाही, रिकामाच ठेवायचा. लोकांना रिकामा ड्रम बघवत नाही, काहीतरी घालायचा मोह होतो, पण इथे पाण्यानं नुसतं थांबायचंय, साबणाचा चुरा, माती, राख तळाला बसू द्यायची. खडी घातलीत तर तो गाळ काढणार कसा?

गाडताना दोन गोष्टी. काळ्या मातीत खड्डा केला असेल तर भोवती तीच माती परत लोटू नका, पावसात ती फुगते आणि ड्रम चेपते. भोवती मुरूम भरा. आणि मुरूम भरायच्या आधी ड्रम पाण्यानं काठोकाठ भरून घ्या, रिकामा ड्रम दाबताना वाकडा होतो आणि पाईपची लेव्हल जाते.

झाकण घट्ट पाहिजे. फट राहिली की डास आत-बाहेर करायला लागलेच. झाकणाखाली जुन्या मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. मोठं झाकण असेल तर वर दगड ठेवा, लहान मूल उघडू शकणार नाही एवढा जड.

टप्पा ६ : कर्दळीचा वाफा

वाळूच्या फिल्टरऐवजी मी घरासाठी नेहमी खडीचा वाफाच सांगतो. वाळूचा फिल्टर एकदा बुजला की सगळा उपसावा लागतो. खडीत जागा मोठी असते, खडीच्या अंगावर जीवाणूंचा थर वाढतो आणि तो घाण खातो, कर्दळीच्या मुळ्या त्याला हवा देतात. चुकून एखाद्या दिवशी जास्त साबण आला तरी हे सहन करतं.

माप : १० फूट लांब, ३ फूट रुंद, २ फूट खोल. ६० घनफूट झालं. खडीच्या पोटात पाण्याला साधारण ४० टक्के जागा मिळते, पाण्याची उंची पावणेदोन फूट धरली तर सहाशे लिटरच्या आसपास पाणी आत मावतं, म्हणजे रोजच्या २०० लिटरला जवळपास तीन दिवस मुक्काम. जागा कमी असेल तर लांबी कमी करू नका, रुंदी कमी करा, कारण रुंद-आखूड वाफ्यात पाणी सरळ वाट काढून पळतं.

सामान : १० ते २० मिलिमीटरची खडी अर्धा ब्रास आणि टोकांसाठी मोठे गोटे, मुठीएवढे, १२ घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट, क्रशरवाला पूर्ण ब्रासखाली गाडी आणत नाही बहुतेक वेळा, तेव्हा शेजाऱ्याला सोबत घ्या, दोन वाफे होतात. अस्तराला शेततळ्याची ५०० मायक्रॉनची पन्नी, कुणाच्या तरी शेततळ्याचा उरलेला तुकडा गावात मिळतोच. साधी पिवळी ताडपत्री वर्षभरात विरते.

१. खड्डा खोदा, तळाला बाहेरच्या टोकाकडे इंचभर उतार द्या. मुळं, टोकदार दगड काढा, तळाला दोन इंच बारीक माती किंवा जुनी पोती पसरा, मग पन्नी. पन्नी काठाच्या बाहेर फूटभर येऊ द्या.

२. बाहेर जाण्याच्या टोकाला, तळाशी, आडवा ३ इंची पाईप ठेवा, त्याला बोटभर अंतरावर ८-१० मिलिमीटरची भोकं पाडलेली. त्याला जोडून एक पाईप पन्नीतून बाहेर काढायचा. इथेच गळती होते. पन्नीला पाईपाएवढं गोल भोक न कापता छोटा अधिकच्या चिन्हासारखा छेद द्या, पाईप जोर लावून घुसवा म्हणजे पन्नी पाईपावर बाहेरच्या बाजूला मोज्यासारखी चढते, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा आणि वरून क्लॅम्प आवळा.

३. बाहेर आलेल्या पाईपाला एल्बो आणि त्यात उभा तुकडा, सोल्युशन न लावता, नुसता दाबून बसवलेला. हा तुकडा वाकवला की वाफ्यातली पाण्याची पातळी खाली येते, उभा केला की वर जाते. सगळ्या वाफ्याचा ताबा या एका तुकड्यात आहे, त्याला कायमचा चिकटवून टाकू नका.

४. दोन्ही टोकांना एकेक फूट मोठे गोटे, मधे खडी. खडी धुवूनच भरा. न धुतलेल्या खडीतली भुकटी तळाला जाऊन बसते आणि वाफा पहिल्या दिवसापासून अर्धा बुजलेला असतो. बादलीत खडी घेऊन पाणी ओता, पाणी चहासारखं दिसायचं थांबेपर्यंत धुवा. धुतलेलं पाणी झाडालाच जाऊ द्या.

५. आत येणारा पाईप आडवा, भोकांचा, गोट्यांच्या थरात ठेवा म्हणजे पाणी पूर्ण रुंदीत पसरेल, एकाच कोपऱ्यात पडणार नाही.

६. कर्दळीचे कंद फूट-फूट अंतरावर, पंचवीस-एक लागतील. मुळं पाण्याला टेकतील इतपत खोल लावा. कर्दळ कुणाच्याही दारात असते, विकत आणू नका. वाळा पण चांगला. अळू लावलात तर पानं वड्यांना तोडू नका, ते खायचं अळू नाही.

पाण्याची पातळी पहिले तीन आठवडे खडीच्या अगदी इंचभर खाली ठेवा, कंद धरले की तीन इंच खाली आणा. खडीच्या वर पाणी कधीच दिसता कामा नये, दिसलं की डास आलेच.

तपासा : खडी भरायच्या आधी पन्नीत पाणी भरा, काठावर पातळीची खूण करा, एक रात्र जाऊ द्या. अर्ध्या इंचापेक्षा जास्त उतरलं तर कुठेतरी भोक आहे, आत्ताच शोधा.

सावध : पहिले तीन-चार आठवडे बाहेर येणारं पाणी गढूळ आणि वासाचं असणार. जीवाणूंचा थर तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. याच काळात लोक घाबरून ब्लीचिंग पावडर टाकतात आणि वाढत असलेला थर मारून टाकतात, म्हणजे परत सुरुवातीपासून. काहीही टाकू नका.

थर तयार झाला का हे घरीच बघता येतं. वाफ्यातून येणारं पाणी पाण्याच्या बाटलीत काठोकाठ भरा, बूच लावा, सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी बूच उघडून वास घ्या. सडक्या अंड्यासारखा वास आला, पाणी काळवंडलं, तर अजून घाण शिल्लक आहे. मातीसारखा किंवा काहीच वास नसेल तर वाफा कामाला लागला. जोडीला एक बाटली ड्रममधल्या पाण्याची भरून ठेवा, दोन्ही एकाशेजारी एक उघडल्या की फरक नाकाला लगेच कळतो, घरातल्यांना पटवायला यापेक्षा चांगला उपाय नाही.

टप्पा ७ : झाडाला कसं द्यायचं

इथे "साठवूया, संध्याकाळी मोटरनं देऊ" हा विचार सगळ्यांच्या मनात येतो. टाकीत २४ तासांपेक्षा जास्त राहिलं की पाणी परत सडायला लागतं, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात. वाफ्यातून पाणी निघालं की उतारानं सरळ आळ्यांमध्ये. लहानशी ५०-१०० लिटरची टाकी ठेवायची असेल तर रोज रिकामी झालीच पाहिजे, आणि तिला झाकण.

आळं खोडापासून फूट-दीड फूट लांब, गोल, वीतभर खोल. त्यात उसाचं पाचट, पालापाचोळा, शेंगांची टरफलं जाड भरा आणि पाणी त्या पाचटाखाली सोडा. वर पाणी दिसायला नको. ठिबकच्या बारीक ड्रिपर्समध्ये हे पाणी घालू नका, आठवड्यात बुजतात. पाऊण इंची पाईप आणि प्रत्येक आळ्याशी टी, तोंड मोकळं, एवढं बास. फवारा तर अजिबात नाही, त्याचे तुषार नाका-तोंडात जातात.

केळी, पपई, शेवगा, नारळ, लिंबू, कढीपत्ता, आंबा, गवती चारा, फुलझाडं या सगळ्यांना चालतं. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर, कांदा, काकडी, म्हणजे पाण्याला टेकून वाढणारं किंवा कच्चं खाल्लं जाणारं काहीही नको. मोठी केळ उन्हाळ्यात दिवसाला पंधरा-वीस लिटर सहज पिते, म्हणजे २०० लिटरला दहा केळी झाल्या. दोनच झाडांवर सगळं पाणी सोडलं तर मुळं कुजतात, आणि पाण्याऐवजी रोगानं झाड गेलं म्हणून कृषी केंद्रात औषध आणायला पळतात. आळी दोन गटांत विभागा, एक दिवस हा गट, एक दिवस तो.

टप्पा ८ : साबण आणि माती

हा टप्पा लोक वाचतच नाहीत आणि दोन वर्षांनी झाडं पिवळी पडल्यावर विचारतात. बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही, म्हणून पावडर दुप्पट टाकली जाते. स्वस्त पावडरीत सोड्याचं, म्हणजे सोडियमचं प्रमाण भरपूर असतं. काळ्या चिकण मातीत सोडियम साठत गेलं की तिचे कण सुटे होतात, भेगा-छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही, वाळली की दगड आणि भिजली की चिखल. शेतकऱ्याला सांगायला नको, जमीन चोपण होते म्हणतात ते हेच.

त्यासाठी कपडे भिजवलेलं पहिलं फेसाचं पाणी संडासात टाका आणि खळखळलेलं पाणी वाफ्याकडे सोडा. शक्यतो वडी किंवा लिक्विड वापरा, पावडर मोजून. ब्लीचवाले, बोरॅक्सवाले पदार्थ या लाईनवर नकोत.

तपासा : आळ्यातलं वाळलेलं छोटं ढेकूळ, हरभऱ्यापेक्षा थोडं मोठं, काचेच्या पेल्यात पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. दोन तासांनी बघा. ढेकूळ फुटून नुसतं पसरलं तर ठीक. त्याच्याभोवती दुधासारखा ढग पसरला तर सोडियम चढलंय. मग त्या आळ्याला काही महिने सांडपाणी बंद, दोन मुठी जिप्सम मातीत मिसळायचं आणि पावसाळ्यात चांगलं पाणी भरपूर मुरू द्यायचं. खात्री करायची तर कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या. हे ढेकळाचं बघणं वर्षातून दोनदा, होळीला आणि दसऱ्याला, म्हणजे विसरत नाही.

टप्पा ९ : साफसफाई कुणी आणि कधी

जाळी रोज. तेलसापळ्यावरचा थर आठवड्याला गाळणीनं काढून राखेत किंवा कोरड्या मातीत कालवून पुरायचा, कंपोस्टमध्ये ढीगभर नको, घुशी येतात. गाळाचा ड्रम महिन्या-दीड महिन्यानं. काठी तळापर्यंत घालून बघा, गाळ तळापासून वीतभर चढला की उपसा. उपसलेला गाळ उन्हात वाळवून झाडाच्या मुळाशी, भाजीच्या वाफ्यात नाही. उपसताना रबरी मोजे घाला आणि नंतर साबणानं हात धुवा, हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्यानं करा. कर्दळ दर तीन-चार महिन्यांनी कापा, कापलेली पानं वाफ्यातच पडू देऊ नका, कुजून परत घाणच होते. वाफ्याच्या तोंडाचे गोटे वर्षातून एकदा काढून धुवा.

कामं घरात नावानिशी वाटून घ्या. हे फुकटात बायकांच्या अंगावर पडतं आणि मग त्यांनी कंटाळून पाईप गटारात सोडला तर त्यांची चूक नाही. तेलसापळा ज्यानं बसवला त्यानंच पहिलं वर्ष साफ करावा.

टप्पा १० : पावसाळा, शोषखड्डा, आणि गल्लीचं पाणी

पावसाळ्यात झाडांना पाणी नको असतं पण मोरी तर चालूच असते. त्यामुळे वाफ्यातून निघालेलं जास्तीचं पाणी शोषखड्ड्यात सोडायची सोय पाहिजे. वाफ्याभोवती चार इंचाचा मातीचा बांध घाला म्हणजे अंगणातलं पावसाचं पाणी आत शिरणार नाही.

शोषखड्डा चालेल का हे आधी बघा. फूटभर रुंद, दोन फूट खोल खड्डा करा, रात्री पाण्यानं भरून ठेवा, सकाळी परत वीतभर पाणी घाला आणि इंचभर उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो. तासापेक्षा जास्त लागला तर खणू नका, कितीही खोल केलात तरी तो डबकंच होणार, तिथे वाफा मोठा करा आणि झाडं वाढवा. नांदेड जिल्ह्यात मनरेगातून जे ४ फूट लांब, रुंद, खोल शोषखड्डे झाले त्याची पद्धत चांगली आहे, मधे भोकं पाडलेली टाकी आणि भोवती दगड, म्हणजे गाळ टाकीत थांबतो आणि काढता येतो. सध्या कुठल्या सरकारी योजनेतून शोषखड्डा मिळतो का ते ग्रामपंचायतीत विचारा, त्याचा खर्च तिकडून निघाला तर वाफ्याचा खर्च परवडतो. दगड भरताना मोठे खाली आणि लहान वर, आणि वर पन्नी टाकून माती. उलटं भरलेले खड्डे एका पावसाळ्यात बुजलेले दिसतात.

पाच-सहा घरांनी मिळून करायचं असेल तर ड्रम प्रत्येक घराचा वेगळा आणि वाफा तेवढा एकत्र. तेलसापळा एकत्र केला की तो कुणाचाच नसतो. वाफ्याचं माप घरांच्या पटीत वाढवा, पण एकच लांब-मोठा न करता दोन समांतर करा, एक बंद ठेवून दुसरा साफ करता येतो. शाळा, वसतिगृह असेल तर झाडांपेक्षा संडास फ्लश करायला हे पाणी जास्त उपयोगी, मध्य प्रदेशात धार-झाबुआच्या आश्रमशाळांत नीरी (नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था) आणि युनिसेफनं २००५ नंतर हेच केलं. फक्त तिथे वाफ्यानंतर एक वाळूचा फिल्टर जोडा, तो वाफ्याच्या पुढे असल्यामुळे तुंबत नाही, आणि फ्लशच्या टाकीवर, नळावर लाल रंगानं मोठ्या अक्षरांत "पिऊ नका" लिहा, पहिलीतल्या पोराला वाचता येत नाही म्हणून शेजारी फुलीचं चित्रही काढा. नळाला फिरकी ठेवू नका, चावीनं उघडणारा घ्या.

मे महिन्यात टँकरवर आलात आणि वाफ्याला पाणीच उरलं नाही तर कर्दळ बुंध्यापासून वीतभर ठेवून कापा, वर पाचट टाका आणि आठवड्याला एखादी बादली घाला. वरचं वाळलं तरी कंद जिवंत राहतात. पाऊस पडून मोरी नेहमीसारखी चालू झाली की पहिले दोन आठवडे वाफ्यातलं पाणी फक्त केळीला आणि शोषखड्ड्याला द्या, बाटलीचा वास परत एकदा बघा, मग बाकीची आळी उघडा.